साधी गाठ होती

डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा खोटं बोललो. पहिल्या वेळी आजूबाजूला माणसं होती, तेव्हा त्या खोट्याला निदान संकोचाचं कारण तरी होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला मुद्दाम बाजूला घेतलं होतं. माझ्या बायकोच्या काखेजवळचा व्रण त्यांनी पाहिला होता आणि सरळ विचारलं होतं, "हे ऑपरेशन कशाचं?" मी म्हणालो, "साधी गाठ होती. काढली." पडद्यापलीकडे बायको श्वासासाठी तडफडत होती. तिला काय झालंय हे ओळखायला त्या डॉक्टरांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. तो शब्द मी दिला नाही. हे मी आजवर माझ्या तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

बायको आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मी हे लिहितोय तेव्हा ती मागच्या खोलीत चटणीसाठी शेंगा फोडत बसली आहे आणि मधूनमधून मला विचारते आहे की इतका वेळ काय लिहिताय. मी म्हणतो, कॉलेजचं काम. कॉलेजच्या ऑफिसात आयुष्य गेलं, त्यामुळे हे उत्तर खपतं. अशी खपणारी उत्तरं देण्यात माझा हात चांगलाच बसलेला आहे, आणि हे सगळं त्यातूनच झालं.

तिला छातीत गाठ लागली तेव्हा मुलगी शिकत होती. आम्ही दुसऱ्या गावी जाऊन ऑपरेशन केलं. छाती पूर्ण काढावी लागली नाही, गाठ आणि काखेतला काही भाग काढला. मग केमो, मग रेडिएशनचा शेक. सोलापुरात आम्ही सांगितलं, पिशवी काढली. आमच्याकडे चाळिशीच्या पुढची बाई ऑपरेशनला गेली म्हटलं की गर्भपिशवीच काढली असणार असं जो तो धरून चालतो. पुढं कुणी विचारत नाही. बायका उलट आपापल्या पिशवीची हकीकत सांगायला लागतात. मला वाटलं, इतकं सोपं, सुटसुटीत कारण शोधून सापडणार नाही.

केस गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. आम्ही राहतो तिकडं तेलुगू विणकरांची घरं पुष्कळ आहेत. त्यांच्या बायका तिरुपतीला जाऊन केस देऊन येतात, डोक्याला चंदन फासून परत येतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी सांगितलं, हिनंही नवस केला होता. झालं, शेजारच्या अम्मा पदर खोचून दारात हजर.

"केस देवाला दिला, लई पुण्य केला. मग लड्डू कुठं ठेवला?"

तिरुपतीला गेलेला माणूस लाडू न आणता परत येतो हे त्यांच्या कल्पनेतच बसेना. "सामानात आहेत, काढायचेत," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि बाजारातून बुंदीचे लाडू आणले. बायकोनं ते फोडले, त्यात काजू, खडीसाखर आणि चिमूटभर कापूर घालून मोठमोठे वळले. अम्मांनी दोन्ही हातांनी प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला, तुकडा तोंडात टाकला आणि जरा विचार करून म्हणाल्या, "ह्या वर्षी देवाचा आचारी बदलला का काय!" त्या गेल्यावर बायको तोंडावर उशी दाबून इतकी हसली की तिची टाक्यांची जागा दुखायला लागली. मीही हसलो. आमचं खोटं इतकं चांगलं चाललं होतं की ते खोटं आहे हे मला हळूहळू जाणवेनासं झालं.

लपवायचं कारण मुलगी. उपचार संपले, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, तपासणीला येत राहा. पण मला एकच दिसत होतं, आता हिचं लग्न काढायचं. ऑफिसात एकजण कुणाच्या तरी स्थळाबद्दल बोलताना म्हणाला होता, "आईला होता म्हणजे पोरीच्या रक्तातही असणार की." साधं चहा पिताना म्हणाला. ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही.

स्थळ आलं ते दुधनीचं. मुलगा पुण्यात नोकरीला, वडिलांची दुधनीत अडत, घरात अर्धं मराठी, अर्धं कन्नड. माणसं मोकळी होती. मुलीला बघून गेली, पसंत केलं. पुढची पायरी म्हणजे आम्ही त्यांचं घर बघायला जायचं आणि तिथंच सुपारी फोडायचा दिवस ठरवायचा.

बायको म्हणाली, "सांगूया की हो त्यांना. मी बरी झाले म्हणून सांगू."

मुलगी म्हणाली, "बाबा, नंतर कळलं तर मी त्या घरात तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, "सुपारी फुटू दे. मग मी स्वतः सांगतो."

त्या दोघी एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला, हे इथं नोंदवून ठेवायला हवं. कारण पुढं कधी विषय निघाला की बायको म्हणते, "आपण लपवलं." आपण नाही. मी.

दुधनीला जायच्या आधी काही दिवस तिला दम लागत होता. आधी जिना चढताना, मग नुसतं कणीक मळतानाही. पावलं सुजली. आडवं झालं की गुदमरायची, म्हणून उशीवर उशी रचून झोपायला लागली, आणि मग तर भिंतीला टेकून बसूनच. "एकदा दाखवून येऊ या का?" असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "रविवारी दुधनीचं होऊ दे, सोमवारी जाऊ." तिनं मान हलवली. माझं काही चुकतंय असं तिला वाटलं नाही, आणि मलाही खरंच वाटलं नाही. मला वाटलं ॲनिमिया असेल, लग्नाची काळजी असेल. मला काहीही वाटत होतं, फक्त तो एक शब्द सोडून.

रविवारी आम्ही दोघंच निघालो. मुलीनं घर बघायला जायचं नसतं, त्यामुळे ती घरीच. भाड्याची गाडी केली होती. गाडीत बायको मला हळूच म्हणाली, "आज सांगू या ना." मी ड्रायव्हरकडे बोट दाखवून तिला गप्प केलं.

दुधनीच्या त्या बाई, म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई, दारात उभ्या होत्या. अंगानं थोराड, आवाज खणखणीत. चहा झाला, पोहे झाले, मग घर दाखवायला सुरुवात. आमच्याकडे घर दाखवायचं म्हणजे खालपासून वरपर्यंत दाखवतात. देवघर, कोठीची खोली, नवीन बांधलेलं न्हाणीघर, आणि शेवटी गच्ची, कारण गच्चीवरून त्यांचं शेत दिसतं. बायकोनं जिन्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो की राहू दे, तिचे पाय दुखतात. मी म्हणालो, "चल की, हळूहळू."

गच्चीवर पोचली तेव्हा तिचे ओठ काळपट झाले होते. तिनं कठड्याला धरलं आणि तशीच खाली बसली. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या टरारल्या होत्या. बाईंनी हातातलं सगळं टाकलं आणि धावल्या.

"अय्यो, अक्का! पाव्हणं, ह्यास्नी काय हुतंय?"

"दम लागलाय. होईल बरं."

"हे दम लागनं न्हाई." त्यांनी तिला आडवं करायला पाहिलं तर तिनं दोन्ही हातांनी जोरात नकार दिला. मग बाई तिच्यापुढं पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "टाका अंग माज्यावर. फुडं वाका. सुम्मन कूड्री, अक्का, गप बसा, बोलू नगा." ती पुढं वाकून त्यांच्या पाठीवर रेलली आणि तिला जरासा श्वास मिळाला. पुढं वाकलं की जमतंय, मागं टेकलं की नाही, हे त्या बाईंनी तिथल्या तिथं ओळखलं, आणि सोलापूरला पोचेपर्यंत त्यांनी ती पाठ तिच्या पुढून काढली नाही. गाडीत मागच्या सीटवर कोपऱ्याला तिरक्या बसल्या, बायको त्यांच्या पाठीवर. यजमान म्हणाले, "तू कशाला जातीस?" तर त्यांना कन्नडमध्ये काहीतरी ठणकावलं. मला कन्नड येत नाही, पण यजमान मागं सरकले एवढं दिसलं.

अक्कलकोटला एका दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि म्हणाले, "हितं थांबू नका. थेट सोलापूर."

सोलापुरात शिरल्यावर पहिलं जे मोठं हॉस्पिटल लागलं तिथं नेलं. रविवार, माणसं कमी. ड्युटीवर एक डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या, बोलायला तुटक. सिस्टरनं तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. दुधनीच्या बाई अजूनही तिला पुढून धरून उभ्या.

"आधी काही आजार? बीपी, शुगर, हार्ट, ऑपरेशन?"

"पिशवी काढलीय तिची," मी म्हणालो.

मी ठरवून बोललो नाही. ते इतक्या वेळा बोललो होतो की आपोआप आलं. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो. पुष्कळदा केलंही आहे.

मग छातीला वायरी लावून ईसीजी काढला, एक्स-रेचं मशीन आणलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर बोलावलं.

"काका, हृदय एक्स-रेत खूप मोठं दिसतंय. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लागेल, त्याचं मशीन वर आयसीयूत एका पेशंटला लावलंय, तिथलं झालं की आणते. तोवर हार्ट फेल्युअर धरून औषध देते. पण यांच्या काखेत व्रण आहे. हे ऑपरेशन कशाचं?"

तेव्हा मी जे उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. त्या क्षणी डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर हे होतं: एक इंजेक्शन देतील, हिला बरं वाटेल, आणि आपण या बाईंना दुधनीच्या गाडीत बसवून देऊ. सगळं निभावून जाईल. बायको मरेल असं माझ्या मनात आलंच नाही असं नाही. आलं. पण सोयरीक मोडेल हे त्याच्या आधी आलं. ही एवढी एक गोष्ट लिहायला मला इतका काळ लागला.

डॉक्टर माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. "नक्की साधी?"

"नक्की."

त्या आत गेल्या आणि लघवी होऊन अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून देतात ते इंजेक्शन दिलं. तिला बरं वाटलं नाही. बीपी आणखी उतरलं. हात गार पडले. मॉनिटर वाजायला लागला आणि सिस्टर पळत आली. मी पडदा बाजूला करून आत गेलो तेव्हा बायकोनं मास्क ओढून खाली घेतला होता. डोळे डॉक्टरांवर.

"मॅडम," ती म्हणाली, आणि मधे श्वास घेऊन, "मला कॅन्सर होता. छातीचा."

तिनं ते दुधनीच्या बाईंच्या खांद्यावरून सांगितलं. म्हणजे त्यांच्या कानाशीच.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सिस्टरला ओरडून सांगितलं, "वरचं मशीन आत्ता खाली आण. आत्ता. त्यांना सांग मी सांगितलंय." मशीन आलं. त्यांनी छातीवर जेल लावून ते फिरवलं आणि मशीनच्या पडद्यावर मला दिसलं. डॉक्टर सिस्टरला सांगत होत्या ते मी ऐकलं. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठलं होतं, चहूबाजूंनी काळं, आणि मधे ते हृदय पाण्यात टाकलेल्या भोपळ्यासारखं नुसतं हेलकावत होतं. त्याला फुगायलाच जागा नव्हती. फुगता येईना म्हणून भरता येईना, भरता येईना म्हणून रक्त पुढं ढकलता येईना. कॅन्सर तिथपर्यंत पोचला होता.

"हृदयाचे डॉक्टर गावाबाहेर आहेत," त्या मला म्हणाल्या. "ते येईपर्यंत या राहणार नाहीत. सुई घालून पाणी काढायला लागेल. मी करते. त्यात धोका आहे, सुई हृदयाला लागू शकते. न करण्यात जास्त धोका आहे. सही करा."

मी सही केली. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि आम्हाला बाहेर काढलं. पडदा नीट लागला नव्हता. फटीतून मला दिसत होतं ते एवढंच: बायकोला अर्धवट बसवलेलं, बरगड्यांच्या मधोमध खाली डॉक्टरांचे हात, आणि फोनमधून येणारा एका पुरुषाचा शांत आवाज, "अजून थोडं, डाव्या खांद्याच्या दिशेनं, बघत बघत." मग सिरिंजमध्ये गडद लाल पाणी आलं. सांगोल्याच्या डाळिंबाच्या रसाचा रंग. मला वाटलं सुई लागली, संपलं. पण डॉक्टर म्हणाल्या, "आलं," आणि दुसरी सिरिंज मागितली, मग तिसरी. सिस्टर मॉनिटर वाचून बीपीचे आकडे मोठ्यानं सांगत होती आणि दर वेळी आकडा वर जात होता. तिचा आवाजही वर जात होता.

मग बायकोचा आवाज आला. स्वच्छ. सकाळपासून मी तो ऐकला नव्हता.

"कुणी खिडकी उघडली का हो?"

तिथं खिडकी नव्हतीच. सिस्टर हसली. डॉक्टरही हसल्या, पहिल्यांदा. मी भिंतीला धरून खाली बसलो.

त्यांनी एक बारीक नळी तिथंच ठेवून ती बाटलीला जोडली, म्हणजे उरलेलं हळूहळू निघत राहील. बाहेर येऊन ग्लोव्ह्ज काढत मला म्हणाल्या, "वाचल्या. आता पुढचं कॅन्सरचे डॉक्टर बघतील." मी हात जोडले. त्या थांबल्या.

"काका, ते लघवीचं इंजेक्शन या पेशंटला द्यायचं नसतं. हृदय आधीच दाबलेलं असताना अंगातलं पाणी कमी केलं तर ते आणखी रिकामं पडतं. बीपी त्यानं उतरलं असेल, किंवा तसंही उतरणारच असेल. मला सांगता येणार नाही. मीही व्रण बघून आणखी खोलात जायला हवं होतं." मग ग्लोव्ह्ज डब्यात टाकत, "पण डॉक्टरला खोटं सांगू नका."

एवढंच. त्या ओरडल्या नाहीत. बायकोसमोर त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही, तेव्हाही आणि नंतरही. ज्या बाईला मी फसवलं तिनं चुकीतला अर्धा वाटा स्वतःकडे घेतला, माझ्या बायकोला वाचवलं, आणि मला तिच्यासमोर वाचवलं. इतकं एका माणसानं एका दुपारी दुसऱ्यासाठी केलेलं मी बघितलेलं नाही.

दुधनीच्या बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पाठ दुखत असणार, कंबरेवर हात ठेवून. मी चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला, फुंकर मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"पाव्हणं, पिशवी माजीबी काढलीया. पिशवी काढल्यावर बाईला असं हुत न्हाई. मला गच्चीवरच कळलं, ह्यात कायतरी दुसरं हाय."

मी बाकाच्या टोकाला बसलो.

"आन् मी पडद्याच्या पलीकडंच हुते. मॅडमनी तुमाला काय इचारलं आन् तुमी काय सांगितलं, समदं ऐकलं. अक्कास्नी श्वासाफुडं कायबी ऐकू आलं न्हाई."

"मुलीसाठी केलं हो," मी म्हणालो. "तिचं लग्न..."

"मुलीसाठी व्हय? मग आत हुती ती तुमची कोन?"

त्यांनी चहा संपवला.

"दुखनं कुनालाबी येतंय. आमच्या सासूला बी आलंतं, आमी काय टाकलं तिला? पोरगी तुमची चांगली हाय. पन ही सोयरीक न्हाई जमायची. उद्या माज्या पोराला कायबाय झालं, आन् तुमी तितं असंच गप बसला, तर? इस्वास कसा ठिवू सांगा." मग उठल्या. "मी कुनाला सांगनार न्हाई. घरातबी न्हाई. सांगायचं ते तुमचं तुमी सांगा अक्कास्नी."

आठवड्याभरात दुधनीहून निरोप आला, जमत नाही म्हणून. कारण दिलं नाही. बायको तेव्हा नुकतीच नळी काढून घरी आली होती. निरोप ऐकल्यावर तिनं गोळ्यांची पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "माझ्याच तोंडानं मी पोरीचं लग्न मोडलं."

मुलगी तिच्यावर चिडली. "काहीही काय बोलतेस आई! न सांगता मेली असतीस तर त्या लग्नात मी नाचले असते का?" ती तसं बोलते, पण तिलाही वाटतं की आजारामुळेच त्यांनी नकार दिला. मी तिथंच उभा होतो. मला खरं कारण माहीत होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." आणि दुसऱ्या खोलीत गेलो.

काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे जाणार नाही, पण दाबून ठेवता येतं, आणि काहीजणींच्या बाबतीत बरंच दाबून ठेवता येतं. आजवर ते दाबलेलं आहे. दर खेपेला इको होतो आणि मी त्या पडद्यावर काळं कुठं दिसतंय का ते बघत राहतो. दुपारी जेवण झालं की ती चटईवर उताणी झोपते, एकच उशी घेऊन. मी पेपर वाचायचं नाटक करत तिच्याकडे बघतो. माणूस सपाट झोपू शकतो ही केवढी गोष्ट आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. केस केव्हाच परत आलेत, थोडे कुरळे. अम्मा म्हणतात, देवानं व्याजासकट परत दिला.

आणि दुधनीच्या बाई. त्या येतात. सोयरीक मोडल्यावर पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडलं आणि मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. त्यांनी पिशवीतून तूरडाळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अक्का कुटं हायत?" बाजारहाटाला किंवा दवाखान्याला सोलापूरला आल्या की येतात. येताना कधी शेंगापोळ्या, कधी कडक भाकरी. दोघी तासन् तास बोलतात, बहुतेक नवऱ्यांच्या तक्रारी. मी त्यांना एकदा जिन्यात गाठून विचारलं, की तुम्ही का येता. मी वेडा असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आवो, गाडीत त्यास्नी मी पाठीवर घिऊन बसले हुते. त्यांचं काळीज कसं धडधडतंय ते मला माज्या पाठीत कळत हुतं. तशी बाई इसरता येती व्हय?"

मागच्या वेळी बायकोनं त्यांना माझ्यासमोरच विचारलं. "खरं सांगा, तुमच्या यजमानांना माझ्या आजारामुळंच नको वाटलं ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलत होतो. त्या थांबल्या, बराच वेळ. मी बोलावं म्हणून थांबल्या असणार. मी कप घेऊन आत गेलो. मागून त्यांचा आवाज आला, "आमच्या ह्यांचं डोस्कंच तसलं हाय, अक्का. सोडा की ते." माझ्यासाठी त्या बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला कमीपणा दिला. तो बिचारा अडतीवर बसलेला, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी..." एवढंच. तिनं माझा हात दाबला. "कळतं हो मला. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलंच नसेल धड, आणि तुम्ही धांदलीत होता. म्हणून तर मी सांगितलं." आणि भाजी चिरायला लागली.

ती जिवंत आहे ती त्या डॉक्टरांच्या हातामुळे, दुधनीच्या बाईंच्या पाठीमुळे, आणि स्वतः मास्क खाली ओढला म्हणून. या तिघींचे उपकार मी रोज आठवतो, आणि ते आठवताना मला खरोखर बरं वाटतं, हे मला सांगायला हवं. पण आठवणं म्हणजे फेडणं नव्हे. बायकोला मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या दिवशी मी धांदलीत नव्हतो. डॉक्टरांनी मला विचारलं होतं आणि मी कॅन्सर लपवला. आणि मुलीचं लग्न तिच्या बोलण्यानं मोडलं नाही, माझ्या न बोलण्यानं मोडलं. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.